‘ट्रिप होते? 32 ची एमसीबी टाका’: घरच्या वर्कशॉपचा हा सल्ला का मोडीत काढावा

हौशी सुतारकाम-वेल्डिंगवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘घरच्या वर्कशॉपला वेगळं वायरिंग म्हणजे नुसता खर्च. किचनच्या पॉइंटवरून एक्स्टेंशन ओढा. ट्रिप झालं तर 32 ची एमसीबी टाका. अर्थिंग नसेल तर न्यूट्रल जोडा. आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) उगाच पडते, काढून टाका. मीटर घरचंच आहे, विचारतंय कोण?’

‘32 ची एमसीबी टाका.’ एमसीबी म्हणजे ठरलेल्या अँपच्या वर करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. ती वायर वाचवते, मशीन नाही. पाइपातली 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर साधारण 20 अँप झेपवते. एमसीबी रेटिंगच्या 1.13 पट करंटला तासभर पडत नाही आणि 1.45 पटीला तासाभरात पडेल, एवढीच तिची हमी असते. म्हणजे 32 ची एमसीबी 36 अँपवर गप्प बसणार आणि 46 अँपवरही पडायला तास लावू शकणार. तोवर भिंतीतलं इन्सुलेशन शिजतं.

मशीन सुरू होतानाच ट्रिप होत असेल तर आकडा नको, अक्षर बघा. 2 एचपीची सिंगल फेज मोटर चालताना 11-12 अँप घेते, सुरू होताना 60-70. बी-16 एमसीबी 48 ते 80 अँपच्या दरम्यान तत्क्षणी पडते, सी-16 मात्र 80 ते 160 मध्ये. तेव्हा 16 च ठेवा, फक्त सी घ्या. पुण्याच्या तापकीर गल्लीत दोन्ही मिळतात.

‘एक्स्टेंशन ओढा.’ 20 मीटर अंतरावर 2.5 च्या वायरीचा जाऊन-येऊन रोध सुमारे 0.32 ओहम. 60 अँपला 19 व्होल्ट वाटेतच जातात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, ती रखडते, जास्त वेळ जास्त करंट ओढते आणि मग दोष एमसीबीला. 4 चौरस मिमी टाकलीत तर घट 12 व्होल्टवर येते. बाजारातल्या बारीक वायरीच्या एक्स्टेंशनचं तर बोलायलाच नको. मेन बोर्डापासून थेट स्वतंत्र सर्किट घ्या आणि वर्कशॉपमध्ये छोटा डीबी (एमसीबी बसवायचा वितरण बोर्ड) बसवा.

‘न्यूट्रल जोडा.’ यात जीव जातो. न्यूट्रलचा एखादा जोड सैल होऊन सुटला की मशीनच्या लोखंडी बॉडीवर थेट 230 व्होल्ट येतात. शिवाय ही जोडणी आरसीसीबीनंतर, मशीनच्या बाजूला केली तर गळती न्यूट्रलमधूनच परत जाते आणि आरसीसीबी आंधळी होते.

अर्थिंग करायचंच तर आयएस 3043 या भारतीय मानकाप्रमाणे किमान 38 मिमी आतल्या व्यासाचा, अडीच मीटर लांब जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप. पुण्यात बऱ्याच ठिकाणी थोडं खणलं की मुरूम, मग कातळ लागतो, आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो. त्यामुळे अर्थिंगचा रोध वाढतो. समजा तो 10 ओहम आला. बॉडीला फेज लागली तर वाहणार फक्त 23 अँप. मेसेजमधली 32 ची एमसीबी त्यावर कधीच पडणार नाही, सी-16 सुद्धा बराच वेळ घेईल. म्हणून 30 मिलीअँपची आरसीसीबी अर्थिंगच्या जोडीला लागतेच.

‘उगाच पडते.’ उगाच नाही. नेहमीचं कारण म्हणजे आरसीसीबीनंतरचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलशी मिसळलेला असणं. दुसरं, ग्राइंडरमध्ये साठलेली कार्बनची पूड. सगळे प्लग काढून आरसीसीबी चढवा, मग एकेक मशीन लावत जा. काहीच न लावता पडत असेल तर 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) वायरिंग तपासून घ्या. 1 मेगाओहमपेक्षा कमी आलं तर दोष भिंतीत आहे. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

(स्टार्टरबद्दल मेसेज गप्पच आहे. लाइट जाते आणि परत येते, तेव्हा स्विच चालू राहिलेलं सॉ आपोआप फिरू लागतं. नो-व्होल्ट कॉइलचा डीओएल स्टार्टर बसवा, म्हणजे लाइट गेली की तो सुटतो आणि बटण दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही.)

‘विचारतंय कोण?’ केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा नियमांनुसार नवं वायरिंग वा फेरफार परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करावा लागतो. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं त्यातून वगळलंय. त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट घ्या. बिलावरचा मंजूर भार बघा, मशीनच्या प्रत्येक एचपीला 0.746 किलोवॉट धरा आणि कमी पडत असेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा. हौसेपुरतं काम घरगुती दरातच बसतं. पैसे घेऊन ऑर्डरी करत असाल तर राज्य वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशातली महिना 300 आणि वर्षाला 3600 युनिटची मर्यादा वाचून ठेवा. ती ओलांडून घरगुती मीटरवरच धंदा चालू ठेवला तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि वापर कधीपासूनचा हे ठरवता आलं नाही तर मागचे 12 महिने धरले जातात.