खुलासा : 'रहीमी' जहाज इंग्रजांनी पळवलं नव्हतं

'जोधाबाईचं हजचं जहाज १६१३ साली इंग्रजांनी लुटलं' असा मजकूर सध्या फिरतोय. जहाज खरं, साल खरं, चोर मात्र चुकीचा.

'रहीमी' मुघल बादशहा जहांगीरच्या आईचं, मरियम-उज-जमानीचं. तिलाच लोक जोधाबाई म्हणतात. सुरतेजवळ ते पकडलं पोर्तुगीजांनी. गंमत म्हणजे त्यांनीच दिलेला कार्ताज, म्हणजे समुद्रावर फिरायचा परवाना, जहाजावर होता. तरी माल आणि सुमारे ७०० माणसं गोव्याला नेली. नावाडी, व्यापारी, यात्रेकरू, सगळेच त्यात सापडले. राणीच्या पैशाची चर्चा फार होते. या लोकांच्या बुडालेल्या मालाचं कोणी बोलत नाही.

जहांगीरने आत्मचरित्रात गोव्याच्या फिरंग्यांनी कराराविरुद्ध जहाजं लुटून मुसलमान कैद केल्याचं नोंदवलंय. मग सुरतेचा पोर्तुगीज व्यापार थांबला, दमणला वेढा पडला.

घोळ बहुधा वर्षभर आधीच्या प्रसंगामुळे झाला असावा. १६१२ मध्ये हेन्री मिडल्टन या इंग्रजाने तांबड्या समुद्रात 'रहीमी'सह गुजराती जहाजं अडवून पैसे उकळले होते. म्हणजे इंग्रज काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. पण १६१३ची जप्ती त्यांच्या नावावर टाकता येत नाही.