दोन मिनिटं, वहिनी

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिते. वेळ 11 ते 3, पगार अर्धा. लेक साडेतीनला रिक्षातून विश्रामबागेच्या कोपऱ्यावर उतरतो, म्हणून ही अर्धवेळ. नोकरी ठरताना शेठ म्हणाले होते, "पोराच्या वेळेआड आम्ही यायचो नाही, वहिनी." आणि खरंच, साडेतीनच्या आड ते कधी आले नाहीत. ते 2 वाजून 55 मिनिटांनी येतात.

"दोन मिनिटं, वहिनी. एकच बिल आहे."

आता ट्रकभर हळद म्हटल्यावर ई-वे बिल, म्हणजे माल वाहून न्यायचा ऑनलाइन कागद, आलं. त्यात गाडीचा नंबर. नंबर ड्रायव्हरला विचारायचा, आणि ड्रायव्हर चहाला गेलेला. मी लेकाच्या रिक्षावाल्या काकांना फोन लावते, "निघालेच!" पर्स खांद्याला असते, एवढं मात्र खरं.

महिन्याची 11 तारीख आणि 20 तारीख तर बोलायलाच नको. 11 ला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, 20 ला थ्रीबी, म्हणजे कर भरायचं. सगळं भरून झालं की ओटीपी जातो शेठच्या मोबाइलवर, आणि शेठ असतात सौद्यात. तिथल्या गलक्यात त्यांना आकडे ऐकू येतात ते फक्त भावाचे. मी ओरडून ओटीपी विचारते, ते ओरडून क्विंटलचा दर सांगतात.

आयर्विन पुलापाशी कृष्णेला 40 फुटांवर इशारा आणि 45 वर धोका, हे सांगलीत शेंबडं पोरही सांगेल. आमच्या घरीही पातळ्या ठरल्यात. साडेतीनला इशारा: शेजारच्या काकू लेकाला आत घेतात. चारला धोका: मिरजेहून सासूबाईंचा फोन, "अगं, पोर दुसऱ्याच्या दारात जेवतंय म्हणे." साडेपाच झाले की 2019 चा महापूर, तेव्हा पाणी 57 फुटांवर गेलं होतं. त्या वेळी नवऱ्याचा फोन येतो, आणि तो विचारतो, "संध्याकाळी भाजी काय?"

एकदा चिडून मी कायदाच काढला. दुकानं-आस्थापनांचा, 2017 चा. दिवसाला 9 तासांच्या पुढं काम करून घेतलं तर दुप्पट पगार, असं तेव्हा त्यात लिहिलेलं होतं. मी हरखून बोटं मोजली. 11 ते साडेपाच, साडेसहा तास. म्हणजे कायद्याच्या हिशेबानं दुप्पट लागायला मला अजून अडीच तास बसायला हवं होतं! मोबाइल गुपचूप पर्समध्ये टाकला. शेठनी ते वाचलं असतं तर तेवढेही मागितले असते.

मोबदला मिळतच नाही असं मात्र म्हणणार नाही. दिवाळीला दोन किलो हळद मिळते. फोडणीला, दुधात, खरचटलेल्या गुडघ्याला, सगळीकडं ती वापरूनही गेल्या वर्षीचा डबा संपलेला नाही.

मग एके दिवशी काकू गावाला गेल्या, म्हणून रिक्षावाल्या काकांनी लेकाला थेट पेढीवर आणून सोडलं. मला वाटलं, आता तरी शेठना लाज वाटेल. शेठनी त्याला भडंगाचा पुडा दिला, पोत्यावर बसवलं आणि पाचव्या मिनिटाला त्याच्या हातात रबरी शिक्का दिला. "मार बाळा, प्रत्येक पावतीवर." पोरगं खूश. साडेचारला मी निघाले तर शेठ म्हणतात, "दोन मिनिटं, वहिनी, त्याचं होऊ दे की." पांढरा शर्ट पिवळाधमक करून आम्ही घरी पोचलो. जिन्यात खालच्या आजोबांनी विचारलं, "काय रे, हळद लागली का?"

गेल्या शनिवारी त्याच्या शाळेत बोलावलं होतं. बाई हसू दाबत सांगत होत्या. वर्गात प्रत्येकाला विचारलं, आई काय करते? कुणाची आई शिक्षिका, कुणाची नर्स, कुणाची शिवणकाम करते.

आमचे चिरंजीव उभे राहिले आणि म्हणाले, "माझी आई निघते."