वर फक्त पाणी चालेल

आमच्याकडे डोंगर चढायचा म्हणजे आधी वर काय खायचं ते ठरतं. सिंहगडावर माणूस पिठलं-भाकरी आणि मडक्यातल्या दह्यासाठी जातो, इतिहास दही संपल्यावर. तर मार्चमध्ये आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे सॅन डिएगोला आले आणि त्यांना टॉरी पाइन्सला, म्हणजे समुद्रकाठच्या कड्यांवरच्या राखीव जंगलात, न्यायचं ठरलं, तेव्हा आईने आदल्या रात्रीच दशम्या, लसणाची चटणी आणि चिवडा असा बंदोबस्त केला. मी घसा फोडून सांगितलं की अगं ते स्टेट रिझर्व्ह आहे, खाली बीचवर काय हवं ते खा पण वर ट्रेलवर खायला बंदी, फक्त पाणी चालतं. आई म्हणे, "आपण कुठे कचरा करणारोत? आणि चहा चालेल ना? चहा म्हणजे पाणीच."

गाडी खाली बीचपाशी लावली आणि वर जाणारा डांबरी रस्ता चढायला लागलो. हा रस्ता दिसतो साधा, पण तीनेकशे फूट एका दमात चढवतो, वर १९२३ साली बांधलेलं जुनं लॉज येईपर्यंत बाबा सोडून कोणी बोलत नव्हतं. बाबा बोलत होते कारण ते वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचतात. रॅटलस्नेक आहेत. कडे ठिसूळ आहेत, टोकाला जाऊ नका. हा पाइन अमेरिकेतला सगळ्यात दुर्मिळ, आपोआप उगवलेला फक्त इथे आणि सांता रोझा बेटावर, १८५० मध्ये पॅरी नावाच्या माणसाने जॉन टॉरी या वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलं, सुया पाच-पाचच्या जुडग्यात येतात आणि धुक्यातलं पाणी त्यांच्यावर जमून खाली ठिबकतं. "म्हणजे झाडालासुद्धा फक्त पाणीच," आई म्हणाली.

मग तिला पाइनचं बोंड दिसलं. चांगलं मोठं, जड. "गणपतीच्या डेकोरेशनला किती छान दिसेल." उचलायचं नसतं गं, सगळं इथेच ठेवायचं असतं. आईने ते खाली ठेवलं पण माझ्याकडे असं बघितलं जणू नियम मीच केलाय.

रेझर पॉइंट मात्र खरंच बघण्यासारखा आहे. वाऱ्याने पार वाकलेली झाडं, पिवळट-तांबूस दगडाच्या घळी आणि थेट खाली पॅसिफिक. बाबांनी दुर्बीण काढली, कारण या दिवसांत ग्रे व्हेल पिल्लांना घेऊन अलास्काकडे परत जात असतात. ते देवमासा शोधत होते, मी आईच्या पिशवीकडे बघत होते. पिशवीतून लसणाचा वास येत होता, माझ्या नवऱ्याच्या पोटातून आवाज, आणि समोरून टोपी घातलेले एक व्हॉलंटियर आजोबा. नेमका तेव्हाच आईने नुसतं बघायला म्हणून डब्याची क्लिप उघडली, खट्! आजोबा थांबले, हसून गुड मॉर्निंग म्हणाले. आईने पिशवी पदराआड घेतली, पंजाबी ड्रेसवर पदर नव्हता तरी. ते गेल्यावर म्हणते, "माणूस चांगला होता, दशमी द्यायला हवी होती."

बीच ट्रेलने उतरलो, शेवटच्या पायऱ्यांवर गुडघे कुरकुरले, आणि वाळूला पाय लागल्या लागल्या डबा उघडला. दोन दशम्या जेमतेम पोटात गेल्या असतील तेवढ्यात एका सीगलने नवऱ्याच्या हातातली तिसरी उचलली, चटणीसकट. तो पक्षी पुढे काय म्हणाला असेल देव जाणे.

पोट भरल्यावर बाबांना हुरूप आला. "तिकडे दक्षिणेला जाऊ या का, गर्दी कमी दिसतेय." दुर्बीण गळ्यात होतीच. आता दक्षिणेला चालत गेलं की ब्लॅक्स बीच येतो आणि तिथे लोक कपडे न घालता पहुडलेले असतात, हे सासऱ्यांना कुठल्या जावयाने कसं सांगायचं? माझा नवरा घाईघाईने म्हणाला, "बाबा, तिकडे भरतीला वाट बंद होते." हे खरंच आहे, त्यामुळे त्याला पापही लागलं नाही.

रात्री आईचा मावशीला फोन. मी स्वयंपाकघरातून ऐकतेय. कडे, समुद्र, दुर्मिळ झाडं, सगळं दोन वाक्यांत उरकलं, आणि मग आवाज खाली आणून, "जागा छान आहे गं, पण खाऊ देत नाहीत."