मागच्या बाकावर बसणारं कुणीतरी हवं

पीएचडी झाली, नेमणूक झाली आणि पहिल्याच सोमवारी मी ऐंशी मुलांच्या वर्गासमोर उभा राहिलो. संशोधन कसं करायचं हे मार्गदर्शकांनी पाच वर्षं हात धरून शिकवलं होतं. शिकवायचं कसं, याबद्दल कुणी पाच मिनिटंही बोललं नव्हतं. विद्यापीठात शिकवणाऱ्या कितीतरी जणांची सुरुवात अशीच होते. पुढे अधूनमधून एखादी कार्यशाळा होते, पण आपल्या वर्गात नेमकं काय अडतंय ते तिथे कुणाला ठाऊक नसतं.

मला खरा उपयोग झाला तो एका ज्येष्ठ सहकारी मॅडमचा. मीच त्यांना तासाला बसायची विनंती केली होती. आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, "मी नेमकं काय बघू?" म्हटलं, "मी प्रश्न विचारतो, पण मुलं बोलतच नाहीत."

तास संपल्यावर त्यांनी वही पुढे केली. चांगलं-वाईट असा एक शब्द नव्हता. दोनच रकाने होते: माझा प्रश्न, आणि त्यानंतर मी किती सेकंद थांबलो. एक. एक. दोन. एक. अकरापैकी नऊ प्रश्नांची उत्तरं मीच देऊन टाकली होती! मुलांना तोंड उघडायला मी वेळच देत नव्हतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी शाळांच्या वर्गांत हेच मोजलं होतं, हे मला नंतर कळलं. शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं मोठी येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. मनातल्या मनात तीन आकडे मोजायचे, एवढंच मी बदललं. पहिले काही दिवस ती शांतता अंगावर यायची.

मॅडमनी ते पान फाडून मलाच दिलं. विभागप्रमुखांकडे काही गेलं नाही. मला वाटतं, सगळं यावरच अवलंबून आहे. हेच निरीक्षण पदोन्नतीच्या फाइलला लागणार असेल, तर जो तास जमत नाही त्या तासाला कुणाला बोलवायची हिंमत कोण करेल? मदत आणि मूल्यमापन यांची गाठ मारू नका, अशी प्रशासनाला माझी कळकळीची विनंती आहे. मिशिगन विद्यापीठाने प्राध्यापकांच्या मदतीसाठी स्वतंत्र केंद्र १९६२ सालीच काढलं. म्हणजे कल्पना काही नवी नाही.

सत्राअखेर मुलं भरतात त्या फीडबॅक फॉर्मवर भिस्त ठेवणंही बरोबर नाही. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या मुलांना जास्त समजलं होतं, पण त्यांना स्वतःला वाटत होतं की नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा आपण कमी शिकलो. पद्धत बदलणाऱ्या शिक्षकाला अशा वेळी पाठीशी कुणीतरी लागतं. फॉर्मपेक्षा सत्राच्या मध्यावर शिक्षकाने वर्गाबाहेर जावं आणि सहकाऱ्याने मुलांशी वीस मिनिटं बोलावं: काय समजायला मदत होते, काय बदलायला हवं. त्याचा फायदा त्याच मुलांना मिळतो.

यासाठी वेळापत्रकात जागा हवी. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तर आधी हवी, कारण ते एका वर्गातून दुसऱ्या वर्गात धावत असतात आणि त्यांची विचारपूस सहसा कुणी करत नाही.

येत्या गुरुवारी मी एका नव्या सहकारी मॅडमच्या तासाला बसणार आहे. त्यांनी एकच गोष्ट सांगितलीय: "सर, माझं फळ्यावरचं शेवटच्या रांगेतून वाचता येतं का, तेवढं बघा."