आजी सोशिक नव्हती

गेल्या महिन्यात आमची आजी प्रभूमध्ये झोपी गेली. नव्वदीला टेकली होती. नगरच्या दफनभूमीत तिला आजोबांच्या शेजारी मातीआड केलं आणि रिवाजाप्रमाणे मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चचे, लोक चार शब्द बोलले. प्रार्थनाशील होती, सोशिक होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही, कष्टाळू माता, प्रेमळ आजी. सगळे मनापासून बोलत होते, कित्येकांचे डोळे भरून आले होते. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण घरी आल्यापासून मला स्वस्थ बसवत नाहीये. म्हातारी देवभीरू बाई गेली की आपल्याकडे हेच बोललं जातं. चर्चमध्ये तेच, पेपरातल्या निधनवार्तेत तेच, चौकातल्या फ्लेक्सवरही तेच. माझी आजी त्यात कुठेच दिसत नाही. तिने जी श्रद्धा धरली तिची किंमत आयुष्यभर रोख मोजली, आणि मोजताना आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून हे लिहितेय. लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आजीचं माहेर नेवासे तालुक्यातलं, घराणं मूळचं महारवाड्यातलं. तिच्या आजोबांनी १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेतला. नगर जिल्ह्यात अशी शेकडो घरं आहेत. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ पासून होतं. गावोगावी शाळा होत्या, आणि दुष्काळात धान्य नि अनाथ पोरांना आसरा मिशनने दिला. त्यामुळे 'भाकरीसाठी बाटलेले' हा शेरा आमच्या चार पिढ्यांनी ऐकलाय. मी कॉलेजात असताना एकाने तो तोंडावर मारला आणि मी रडत घरी आले. आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खरंच हाय ते. भाकरीसाठीच गेले माझे आजोबा. गावात धान्याच्या पेवा होत्या, त्यातलं मूठभर कुणी दिलं न्हाई. ज्यानं दिलं त्याच्या दारी गेले. दारात गेल्यावर मग कळलं, हितं आपल्याला आत पण घेत्यात." एवढं बोलून पुन्हा तांदळात डोकं घातलं. यावर मी ऐकलेल्या कुठल्याही चर्चेत याहून खरं उत्तर मला मिळालेलं नाही.

तिचं स्वतःचं तरुणपण गेलं १९७२ च्या दुष्काळात. आजोबा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले, पदरात चार लेकरं, सगळ्यात धाकटी आत्या अंगावर पिणारी. आजी खडी फोडायला जायची. रस्त्याच्या कामावर सगळ्या जातींच्या बाया एका ओळीत बसलेल्या असायच्या; त्यात पाटलाच्या घरच्यासुद्धा होत्या, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून. रेशनवर मिळायची ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो. तिची भाकरी थापताना काठाला चिरते, तव्यावर टाकेपर्यंत तुटते. आजी म्हणायची, "त्या भाकरीनं मला प्रार्थना शिकवली. रोज म्हणायची, देवा, आज अख्खी उलटू दे." दुष्काळ सरला आणि आजोबाही गेले. चार लेकरं घेऊन ती नगरला आली, एका दवाखान्यात आया म्हणून लागली.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

माझे बाबा थोरले. शाळेत हुशार. फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा त्यांच्या वर्गशिक्षकांनी आजीला बोलावून घेतलं. भला माणूस होता, बाबा आजही त्यांचं नाव आदराने घेतात. ते म्हणाले, "बाई, पोरगं पुढे शिकणारं आहे. धर्माच्या रकान्यात हिंदू लिहू, जातीपुढे महार. स्कॉलरशिप मिळेल, फी माफ होईल, पुढे नोकरीत सवलत आहे. तुम्ही खुशाल चर्चला जा. देव मनात असतो, कागदावर नसतो."

आजीने विचारलं, "गुरुजी, हा कागद वाचतं कोण?"

"सरकार वाचतं."

"मग सरकाराशी खोटं बोलून आल्यावर संध्याकाळी देवाशी मी खरं कसं बोलू?"

आणि तिने रकान्यात ख्रिस्ती लिहून घेतलं. खाली सही केली, अंगठा नव्हे. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली होती आणि त्या सहीचा तिला अभिमान होता.

ज्यांना हे प्रकरण माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अनुसूचित जातींची यादी ठरवणारा राष्ट्रपतींचा आदेश १९५० मध्ये निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटलं होतं की हिंदूखेरीज इतर धर्म मानणाऱ्या कुणालाही अनुसूचित जातीचं मानलं जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला, १९९० मध्ये बौद्धांचा. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्येच ही धर्माची अट काढून टाकायची शिफारस केली होती. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. आयोगावर आयोग होतात आणि माझ्या आजीसारख्या बाया एकेक करून दफनभूमीत जातात.

गावातल्या विहिरीवर आजीला पाणी भरू देत नव्हते तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, तू रविवारी कुठे जातेस. जात दुसऱ्यांनी लक्षात ठेवायची आणि तिची भरपाई मात्र धर्म पाहून द्यायची, हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला राग आला तरी चालेल.

बाबांना स्कॉलरशिप मिळाली नाही. आजीने रात्रपाळ्या वाढवून घेतल्या, बाबांनी पहाटे पेपर टाकले. इंजिनिअरिंगला जायचं होतं, ते झालं नाही. आयटीआय करून एमआयडीसीत टर्नर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बाबा कितीतरी वर्षं आजीवर रागावून होते. घरात राग दिसायचा नाही, पण फॉर्म, दाखला असले शब्द निघाले की ते उठून बाहेर जायचे. एकदा तिच्या तोंडावर म्हणाले, "तुझ्या एका शब्दापायी माझं आयुष्य लेथ मशीनवर गेलं." मी तिथेच होते. आजी काही बोलली नाही. तिने माफी मागितली नाही आणि समजूतही घातली नाही. त्या रात्री तिने कुटुंबप्रार्थनेत बाबांसाठी नाव घेऊन प्रार्थना केली, त्यांच्यासमोर, मोठ्याने, "देवा, माझा लेक माझ्यावर रागावलाय, त्याचा राग खरा हाय." बाबा डोळे मिटून बसून होते.

आमच्याच आळीत बऱ्याच घरांनी कागदावर वेगळं लिहिलं. त्यांना मी दोष देणार नाही, आजीनेही कधी दिला नाही. शेजारच्या घरातला मुलगा त्याच दाखल्यावर सरकारी कचेरीत क्लार्क लागला तेव्हा सगळ्यात आधी शिरा करून नेणारी आजीच होती. स्वतःला एक नियम लावायचा आणि दुसऱ्याला त्या नियमाने मोजायचं नाही, हे मी तिच्याइतकं स्वच्छ कुणात पाहिलेलं नाही. मी आज दोन मुलांची आई आहे. तिच्या जागी असते तर कोणता शब्द लिहिला असता हे मला खरंच सांगता येत नाही.

तिची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, हिच्या सासरच्यांनी १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारला. दोघींची वर्षातून दोनदा ठरलेली भेट असायची. चौदा एप्रिलला आजी तिच्याकडे, नाताळात ती आमच्याकडे. मावशीआजी विचारायची, "ताई, तुझा देव हाय म्हणतीस, तर बाहत्तरला कुठं होता?" आजी म्हणायची, "माझ्या शेजारी खडी फोडत होता." मग दोघी हसायच्या आणि करंज्यांना बसायच्या. नाताळच्या करंज्या म्हणजे आजीचा प्रांत. रवा-मैदा भिजवून पाट्यावर वरवंट्याने कुटायचा, तुपात तांदळाची पिठी फेसून साटा करायचा, तीन पोळ्या साटा लावून एकावर एक ठेवून घट्ट वळायच्या. लाटीचा पापुद्रा वरच्या बाजूला आला पाहिजे, नाहीतर तळताना सुटत नाही. हे सांगताना ती माझा हात धरून लाटी फिरवायची. पहिला डबा शेजारच्या जोशीकाकूंकडे जायचा, कारण दिवाळीत पहिलं ताट त्यांच्याकडून आलेलं असायचं.

दवाखान्यातल्या कामाबद्दल ती फार बोलायची नाही. एकच गोष्ट अनेकदा सांगायची. बाळ जन्मलं की आधी सिस्टरच्या हातात, मग आयाच्या. ज्या घरांत तिला पाणी वरून ओतून दिलं असतं त्या घरांची लेकरं तिने धुतली, पुसली, दुपट्यात गुंडाळून बाहेर नेऊन दिली. "जन्मल्याबरोबर पहिलं माझ्याच कुशीत यायचं, मग तुमच्या," असं म्हणताना तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

आई नोकरीला जायची, म्हणून मी आजीजवळ वाढले. शाळेत जायच्या आधी वाचायला तिनेच शिकवलं, मोठ्या अक्षरांच्या बायबलवर बोट ठेवून. आकडेही त्यावरच. "स्तोत्र तेवीस काढ", "एकशे एकवीस काढ", असं म्हणायची आणि मी पानं उलटत राहायची. स्तोत्रं दीडशे, त्यामुळे दीडशेपर्यंत आकडे आले. पुढचे येईनात, तर तिने एकशे एकोणिसावं स्तोत्र उघडून दिलं. त्यात एकशे शहात्तर वचनं आहेत. पहिलीत गेले तेव्हा बाईंना माझ्या अंकांचं भारी नवल वाटलं होतं.

आणि गाणी! नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे शेकडो गीतं लिहिली, अभंगाच्या, ओवीच्या वळणाची. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. आजीला त्यांची कितीतरी गीतं पाठ होती, टाळ धरला की पुस्तक लागायचं नाही. जात्यावरच्या ओव्या मात्र तिच्या स्वतःच्या. त्यातली एक मी लिहून ठेवलीय:

सरलं दळण, राहिली ओंजळ
येशू माझ्या बापा, लेकरांना सांभाळ

म्हणून अजूनही पुण्यात कुणी माझं आडनाव ऐकून "तुमचं मराठी किती छान आहे हो" म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं. आमचं मराठी जात्यावरचं आहे. ते दुसऱ्या कुठून येणार होतं?

उलटून बोलली नाही म्हणतात ना? मंडळीच्या वार्षिक सभेत तिने उभं राहून विचारलं होतं की दानाच्या पेटीत बायांचे पैसे चालतात, चर्च झाडायला बाया चालतात, मग चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांत एकही बाई का नाही. सभेत कुजबुज झाली, कुणीतरी "बसा आजी" म्हणालं. ती म्हणाली, "कबरेवर पहिल्यांदा कोण गेलं होतं? बायाच ना? प्रभू उठलाय हे पुरुषांना कुणी सांगितलं?" आणि उभीच राहिली. पुढच्या निवडणुकीत दोन बाया पंच झाल्या. दफनविधीला बोलताना ही गोष्ट एकालाही आठवू नये, याचं मला फार वाईट वाटलं. त्या दोघींपैकी एक तर समोरच बसल्या होत्या.

शेवटच्या वर्षात तिला माणसं ओळखू येत नव्हती. मला ती कधी सिस्टर म्हणायची, कधी मावशीआजीच्या नावाने हाक मारायची. बाबांनी तिचं सगळं केलं; अंघोळ, औषधं, रात्री उठून बसवणं. रोज रात्री ते तिच्याजवळ बसून कुटुंबप्रार्थना घ्यायचे आणि प्रार्थनेत तिचं नाव घ्यायचे. बाबांचा राग कधी गेला, गेला की नाही, हे मी त्यांना विचारलेलं नाही. तिचा मृत्यूचा दाखला काढायला गेले तेव्हा फॉर्म त्यांनीच भरला. धर्माच्या रकान्यात त्यांनी ख्रिस्ती लिहिलं, आजीसारखंच, ठळक अक्षरात.

येत्या रविवारी उपासनेनंतर तिच्यासाठी आभारप्रार्थना आहे आणि मग सगळ्यांचं जेवण, बाजरीची भाकरी आणि मटणाचा रस्सा, तिला आवडायचा तसा झणझणीत. यावेळी भाषणं नकोत असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. ज्यांना तिची एखादी गोष्ट आठवत असेल, तिने कुणाला झापल्याची, कुणाशी भांडल्याची, कुणाचं बाळंतपण निभावल्याची, त्यांनी ती सांगा. माझा भाचा रेकॉर्ड करणार आहे. ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी इथे कॉमेंटमध्ये लिहा, मी सगळं उतरवून घेतेय. नंतर भजनं होतील. मंडळाचे टाळ कमी पडतात, घरी असतील तर आठवणीने घेऊन या.