माती अंगाला लागणे वेगळे, मैला पोटात जाणे वेगळे

खेड्यातली मुले मातीत वाढल्यामुळे मुळातच काटक असतात, स्वच्छतेचे वळण घरीच लागते आणि कचरा तर शहरे करतात; म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांनी हात धुण्याचे नि परिसराचे धडे सोडून फक्त भाषा-गणित शिकवावे, असा एक मजकूर सध्या हौसेने पुढे पाठवला जात आहे.

मातीतल्या निरुपद्रवी जिवाणूंमुळे प्रतिकारशक्ती घडायला मदत होते, या विचाराला काही आधार आहे. परंतु तो जंतांना लागू पडत नाही. गोल जंतांची अंडी उघड्यावरच्या मैल्यातून मातीत मिसळतात, काही आठवडे तिथे पक्व होतात आणि नखांतून, न धुतलेल्या हातांतून मुलाच्या पोटात जातात. अंकुशकृमी या दुसऱ्या जंताची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरते आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त पिते. असे मूल फिकट पडते, लवकर थकते, आणि ज्या गणितासाठी हा धडा बंद करायचा त्या गणितातही त्याचे लक्ष लागत नाही. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळाशाळांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते ती याचसाठी. गोळीने पोटातले जंत मरतात, मात्र हात आणि पाय तसेच राहिले तर नवे जंत पुन्हा होतात.

वळण घरी लागते हे खरे आहे, पण दुपारची खिचडी मूल शाळेत खाते. घरी कितीही शिकवले असले, तरी जेवणाच्या सुट्टीत नळाला पाणी आणि हाताशी साबण नसेल तर ते शिकणे तिथे उपयोगी पडत नाही. या विषयात एकच तक्रार मला रास्त वाटते: काही ठिकाणी संडास धुण्याचे काम ठरावीक घरच्या मुलांच्याच वाट्याला येते. तो अन्याय आहे आणि तो थांबलाच पाहिजे. मात्र त्यासाठी धडा बंद करण्याचे कारण नाही, काम सर्वांत समान वाटून दिले पाहिजे.

राहिला कचरा. पूर्वी उकिरड्यावर शेण, राख आणि खरकटे पडे, त्याचे खत होऊन शेतात जाई. आता त्याच उकिरड्यात वेफर्सची पाकिटे आणि गुटख्याच्या पुड्या मिसळतात, त्या खताबरोबर शेतात पसरतात किंवा जाळल्या जाऊन त्यांचा विषारी धूर अंगणात येतो. ही पाकिटे गावच्याच टपरीवर विकली जातात आणि त्यांतली बरीचशी मुलेच फोडतात.