खेळाडूंना कशाला दोष?

कराटेत भारत मागं का, याचं सगळं खापर एका लेखात खेळाडूंवर फोडलंय, ते काय पटलं नाही बघा. 2020 मध्ये वर्ल्ड कराटे फेडरेशननं कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यताच काढून घेतली, कारण आतली गटबाजी, आणि पुढच्याच वर्षी टोकियोत कराटे पहिल्यांदा ऑलिंपिकला आलं तर त्यात आपलं कोण पण नाही. पॅरिसला तर खेळच काढून टाकला. मग आता जुन्या असोसिएशनच्या जागी कराटे इंडिया ऑर्गनायझेशन आली, पण पोरांची ऐन उमेदीची वर्षं गेली ती गेलीच की.

इकडं बेळगाव, खानापूर, निपाणीत गल्लोगल्ली क्लास हायत. चौकात फ्लेक्स लागतो, हार घातलेला पोरगा, 'आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक', आणि जवळ जाऊन खालचं बारीक अक्षर वाचलं की कळतंय, कराटेच्या कुठल्यातरी एका स्टाईलवाल्यांची (म्हणजे एका पद्धतीच्या गटाची) स्वतःची स्पर्धा. कॉमनवेल्थ कराटे ही वेगळीच स्पर्धा, पण नाव घेतलं की लोकांना कॉमनवेल्थ गेम्सच वाटतंय, त्यात कराटे कधी नव्हतंच (पेपरवाले पण तसंच छापतात). बेल्ट परीक्षेची फी मात्र वेळेवर पाहिजे! आमच्या भाच्याचं फाईलभर सर्टिफिकेट हाय, स्पोर्ट्स कोट्याला एक पण चाललं नाही.